हौसाआत्या, मी नाव घेतले!

माझ्या हौसाआत्यास,

तुला वाचता येत नव्हते, म्हणून तू असताना मी तुला एकही पत्र लिहिले नाही. आता तिथे कोणीतरी वाचून दाखवील, असे धरून चालते. काल वसतिगृहात पहिल्या वर्षाच्या नव्या मुली आल्या आणि त्यांच्या स्वागताचे काम प्राचार्य मॅडमनी माझ्याकडे दिले. तोंडातल्या तोंडात पुटपुटणाऱ्या तुझ्या भाचीकडे! ही बातमी सर्वांत आधी तुलाच सांगायची, नाही का?

भोंगवलीतले कोणतेही लग्न किंवा डोहाळजेवण ठरले, की बायका आधी तुझ्याकडे यायच्या. "हौसाबाई, नाव जोडून द्या." तू शेंगा फोडता फोडता विचारायचीस, "नवरा काय करतो? सासू कशी हाय?" आणि टरफल खाली पडेपर्यंत उखाणा तयार! समारंभात मात्र तू दाराआड उभी राहायचीस. नवरी अडखळली, की तिथूनच हळू आवाजात पुढची ओळ पुरवायचीस.

मी लहानपणी विचारले होते, "आत्या, तू का नाही गं नाव घेत?" तू म्हणालीस, "ज्याचं घ्यायचं त्यो गेला लौकर. आता दुसऱ्यांची जोडून द्येयाची." आणि लगेच हसलीस. त्या हसण्याचा मला अजून राग आहे, आत्या. इतक्या लवकर कशाला हसायचे?

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षीचा तो फोन तुला आठवतो का? मी वसतिगृहातल्या पाण्याच्या टाकीमागे उभी राहून रडत होते. म्हटले, "आत्या, इथे मोठ्या मुली मला रोज नाव घ्यायला लावतात." तू तिकडून खो खो हसलीस!

"अगं मास्तरीण, त्यात रडायचं काय? हौसाची भाची तू. घ्येयाचं की झोकात!"

मग माझे हुंदके ऐकून तू थांबलीस. "कुणाचं नाव?"

तेव्हा तुला सगळे सांगितले. रोज जेवणानंतर तिसऱ्या वर्षाच्या तिघी जणी आम्हा नव्या मुलींना सभागृहात रांगेत उभे करत. आम्हाला नावे नव्हती, नुसती गावे होती. मी 'ए भोंगवली' आणि माझ्या खोलीतली सुरेखा 'ए वेल्हे'. त्या सांगतील त्या मुलाचे नाव उखाण्यात घ्यायचे, तेही मान खाली घालून. चुकले तर टेबलावर चढून पुन्हा. आदल्या दिवशी त्यांनी सुरेखाचे मोबाईलवर चित्रण केले होते. "काय गं वेल्हे, टाकू का तुमच्या गावच्या ग्रुपवर?"

सुरेखाने पिशवी भरली होती. "मी जाते बाई सकाळच्या यष्टीनं. आमच्या आण्णांनी त्ये बघितलं तर शाळा बंद, न् वैशाखात लगीन." ती गेली असती तर मीही टिकले नसते.

 मग तुझा तो खणखणीत आवाज आला. "मनाविरुद्ध घ्येयाला लावलं, तर त्ये नाव न्हाई, ती जबरदस्ती. याला कायदा न्हाई व्हय?"

होता, आत्या! प्रवेशाच्या वेळी आम्ही सर्वांनी रॅगिंग करणार नाही असे हमीपत्र भरून दिले होते. बाकीच्यांनी नुसती सही केली. मी छापलेले दिसेल ते वाचणारी, त्यामुळे मला सारे ठाऊक होते. असा त्रास देणे हा आपल्या राज्यात गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तक्रार आल्यावर प्राचार्यांनी सात दिवसांत चौकशी करायची असते आणि त्यांनी ती टाळली, तर गुन्ह्याला साथ दिली असे धरले जाते. सगळे पाठ होते. पण पहिले वाक्य बोलायचे कोणी, हे कायद्यात लिहिलेले नव्हते.

"मग त्याच कायद्याचं नाव घे की! मेसात जेवाय काय देत्यात?"

"पातळ आमटी. आणि करपलेली पोळी."

"झाली की पयली वळ! दुसरी तुझी तू जोड. आन् नाव घेताना खाली बघायचं न्हाई. नाव घेणारीनं हनुवटी वर ठेवायची. नवरीला काय सांगती मी?"

त्या संध्याकाळी माझा क्रमांक आला.  मी हनुवटी वर केली आणि म्हटले,

"ताटात आमटी पातळ, वर पोळी करपली,
रॅगिंगबंदी कायद्याचं नाव घेते, भीती माझी संपली!"

खोटेच होते गं. भीती कुठली संपायला? पण सभागृहात एकदम हशा पिकला, आणि सर्वांत आधी हसू फुटले ते त्या तिघींपैकीच एकीला! दुसरीचा टेबलाकडे बोट दाखवणारा हात तसाच हवेत राहिला.

दुसऱ्या दिवशी सुरेखा आणि मी प्राचार्यांच्या कार्यालयात गेलो. मॅडमनी तक्रार वाचली आणि विचारले, "नावे सांगू शकाल?" आत्या, आयुष्यभर मी नावे 'जोडताना' तुला ऐकले, पण नाव घेणे इतके जड असते हे तेव्हा कळले. सुरेखाने माझा हात धरला होता. मी तिन्ही नावे घेतली, मोठ्याने. मुदतीच्या आत चौकशी झाली. चित्रण चौकशी समितीसमोर पुसले गेले, तिघींना वसतिगृह सोडावे लागले. सुरेखाची पिशवी पुन्हा खाटेखाली गेली.

एक गोष्ट मात्र राहून गेली. दिवाळीत मी घरी आले, तेव्हा तू किती आर्जवाने म्हणालीस, "म्हणून दाव की गं, कसं म्हणलीस त्ये." ओसरीवर बाबा बसले होते, शेजारचे काका होते. मी लाजले. म्हटले, "नंतर." आणि माघात तू गेलीस. मुलींनी भरलेल्या सभागृहात म्हणू शकले, ते तुझ्यासमोर का नाही म्हणता आले? आता उखाण्याच्या त्या दोन ओळी तू पुन्हा वाचून दाखवायला सांग. हव्या तितक्या वेळा.

आता कालचे सांगते, कारण तुला आवडेल. स्वागताला सुरेखाने लाडू आणले होते. आम्ही नव्या मुलींना त्यांची नावे विचारली, गावे नंतर. वातावरण सैल झाल्यावर एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "आमी नवीन, तुमी जुन्या. तवा नाव तुमीच घ्या, ताई!" सगळ्या ओरडल्या, "घ्या, घ्या!" कुणी लावले नव्हते, आत्या. मला स्वतःलाच घ्यावेसे वाटले.

"दाराआड राहून जिनं गावाला नाव घ्यायला शिकवलं,
हौसाआत्याचं नाव घेते, तिनं कॉलेज माझं टिकवलं."

तू इतक्या जणींची नावे जोडलीस, पण तुझे नाव उखाण्यात कोणी घेतले नव्हते ना? काल ते घेतले गेले. मुलींनी टाळ्या वाजवल्या, आणि सुरेखा उगीचच लाडवाचे ताट पुसत बसली.

तुला वचन देते. मी इथे आहे तोवर कोणत्याही मुलीला मनाविरुद्ध नाव घ्यावे लागणार नाही. आणि एखादीवर कार्यालयात उभे राहून नाव घेण्याची वेळ आलीच, तर ती अडखळताच पुढची ओळ मी सांगेन. दाराआडून नाही, आत्या. तिच्या शेजारी उभी राहून.

हनुवटी वर ठेवलेली,
तुझी मास्तरीण
प्रतीक्षा