सव्वीस नावांची यादी

४ मार्च

चि. खाडाखोडास,
अ. आ.

हाताची गळ्यातली झोळी काल सुटली. हाड जुळलंय म्हणे, पण खांदा दाराच्या गंजलेल्या बिजागरीसारखा झालाय. उजवा हात छातीपर्यंत येतो आणि तिथं अडतो. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आठवड्यातून तीनदा, तीन महिने फिजिओथेरपी घ्या, नाहीतर खांदा असाच धरून बसेल. सरकारी विमा आहे म्हटल्यावर त्यांच्या मदतनीस बाईंनी एक यादी हातात ठेवली. गावातले सव्वीस फिजिओथेरपिस्ट, सगळे विमा कार्ड घेणारे.

पहिल्या नावाकडे आजच जाऊन आले. काउंटरवरची मुलगी आधी छान बोलत होती. कार्ड बघितल्यावर म्हणाली, आम्ही हे कार्ड मागच्या वर्षीच बंद केलं. दुसरीकडे चौकशी करा, एवढं मात्र दोनदा सांगितलं.

आता काम तुझ्याकडे आहे. तीस वर्षं शिलाई मशिनांच्या आवाजात काढल्यावर मला फोनवर अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनानं रचते, हे तुला ठाऊक आहे. यादीची नक्कल सोबत आहे. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतोस, मधल्या सुट्टीत माझ्यासाठी एक माणूस शोध.

मालक म्हणाले की कटिंगचं टेबल तुमचंच आहे. पण मे संपता संपता गणवेशाचं कापड येतं, तेव्हा तिथं कात्री चालवणारा हात लागेल. हे ते बोलले नाहीत, मी समजले. कोपर पोटाशी धरून लिहितेय, म्हणून अक्षर बसकं आलंय. त्यावर लाल शाई लावू नकोस.

तुझी,
ताई


११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझी यादी मी प्रुफासारखी वाचली. इतक्या चुका असलेला मजकूर आमच्याकडे आला असता तर साहेबांनी परत पाठवला असता. एक नाव दोनदा छापलंय, म्हणजे सव्वीसचे पंचवीसच. आठ फोन बंद आहेत. एक गृहस्थ वारले, त्यांच्या मुलानं फार सभ्यपणे सांगितलं आणि वर तुझी चौकशी केली. एक बाई फक्त लहान मुलांना घेतात. एकजण कार्ड घेतो, पण त्याच्याकडचा पहिला मोकळा दिवस चार महिन्यांनंतरचा. बाकीच्यांनी कार्डाचं नाव काढताच आवाज बदलला. उरले तीन. त्यांचा फोन वाजतो, कुणी उचलत नाही. पत्त्यांवर खुणा केल्यात.

आता माझं ऐक. आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून कार्ड घेणारी एक बाई आहे. मी जाऊन विचारून आलो, ती पुढच्या सोमवारपासून वेळ देते. आमच्याकडे लिफ्ट आहे. हिनं मागची खोली रिकामी करून नवी चादरही घातली आहे. तू जिन्यात पडलीस तेव्हा खालच्या मास्तरीणबाई शाळेतून येईपर्यंत पाऊण तास तशीच पडून होतीस. मी तिथं नव्हतो, तरी ते मला रोज दिसतं. तीन महिन्यांसाठी ये. पुढचं पुढे बघू.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा


१९ मार्च

चि. खाडाखोडास,
अ. आ.

तुझ्या बायकोला सांग की चादरीचा रंग मला न बघताच आवडला. पण येत नाही. तीन महिन्यांसाठी म्हणून निघालेली माणसं पुढं पाहुणीच होऊन राहतात. तुझं घर मला परकं नाही. पण माझं टेबल, माझी किल्ली आणि सकाळी सहाचा माझा चहा, एवढ्यावर माझं चाललंय. ते एकदा सोडलं तर परत धरायला दोन्ही हात लागतील.

तुझे तीन पत्ते पायी पालथे घातले. पहिल्या दाराला कुलूप. दुसरीकडे एक चिडके गृहस्थ भेटले, ते दाताचे निघाले. तिसऱ्या पत्त्यावर गाद्यांचं दुकान. परत फिरणार होते, तेवढ्यात दुकानातल्या बाईनं बसायला स्टूल दिलं. ती म्हणाली की व्यायामवाल्या बाई दोन वर्षांपूर्वी इथून गेल्या, आता पोहण्याच्या तलावामागं, जिथं टॉवेल देतात त्याच्या वरच्या खोलीत बसतात. फोन मात्र अजून आमच्याच माळ्यावर वाजतो, म्हणाली.

म्हणजे तू केलेले सगळे फोन गाद्यांनी ऐकले.

वर गेले. चाळिशीची बाई, केस कापलेले, बाह्या कोपरापर्यंत वर. खोलीत एक पलंग, भिंतीला आकड्यांची शिडी रंगवलेली, छताला कप्पी आणि दोरी. मी आधीच सांगून टाकलं की सरकारी कार्ड आहे, नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणा. ती म्हणाली, आधी हात बघू, कार्ड पळून जात नाही. खांदा दाबला, फिरवला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. मग म्हणाली की उशीर झालाय, पण फार नाही. विमा कचेरीची मंजुरी आली की लगेच सुरू. तोवर घरी बोटांनी भिंत चढायची. फॉर्म तिनंच भरला, मी सही केली.

आज भिंतीवर पेन्सिलीनं पहिली खूण केली. माझ्या हनुवटीइतकी. हसू नकोस.

वहिनीबाईंना आशीर्वाद. माया कमी होऊ देऊ नकोस.
ताई


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अ. आ.

मंजुरी नाकारली. मागितलेला उपचार दुखापतीशी जुळत नाही, असं एक ओळ लिहून आलंय. फिजिओबाई तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी गावाला गेली आहे, दहा दिवसांनी येईल. शाखेतला माणूस खिडकीतून खूप बोलला. मला ओठ हललेले दिसले, एवढंच.

पेन्सिलीची खूण आठवडाभर जागची हललेली नाही. काल कात्री उचलून बघितली. उचलली, पण कापडावर आडवी नेता येईना. उद्या मालकांना सांगणार आहे की टेबल दुसऱ्या कुणाला द्या. त्यांनी माझ्यासाठी ताटकळावं हे बरं नाही.

सगळ्या कागदांच्या झेरॉक्स सोबत आहेत, तुझ्याकडे असू देत. चादर अजून घातलेली असेल तर मी येते म्हणते.

ताई


६ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मालकांशी बोलली असशील तर जाऊन शब्द परत घे. नसशील तर बोलू नकोस. मंजुरी मिळेल.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर उजवा खांदा आहे. फॉर्मवर माणसाचं चित्र आहे, आपल्याकडे तोंड करून उभा. आपल्या उजव्या हाताला येतो त्या खांद्यावर गोल केलाय. तो चित्रातल्या माणसाचा डावा खांदा आहे. कचेरीत कुणीतरी दोन कागद शेजारी ठेवले आणि दोन्ही जुळले नाहीत. आणखी काही नाही.

काल रजा काढून इथल्या मुख्य कचेरीत गेलो. तीन रांगा झाल्या. शेवटच्या खिडकीतल्या बाईंनी कागद बघितले, मान हलवली आणि सांगितलं की फिजिओबाईंनी चूक दुरुस्त करून शेजारी सही करावी आणि तुमच्या शाखेतच द्यावं, नवा अर्ज नको. त्यांनी ते चिठ्ठीवर लिहून शिक्का मारून दिलंय. ती चिठ्ठी सोबत आहे, जपून ठेव.

आता एक सांगायचं आहे. तुझं पत्र परवा सकाळी आलं आणि चूक मला दहा मिनिटांत दिसली. तरी मी तो सगळा दिवस गप्प बसलो. तू येते म्हणाली होतीस. मी दुकानात जाऊन तुझ्यासाठी जिन्यात घालायच्या चपलाही आणल्या, इथं जिना चढावा लागत नाही हे विसरून. हिला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली की ताई इथं आल्या तर मला आनंदच आहे, पण त्यांनी हरून येऊ नये.

रागावलीस तरी पत्र लिही.
धाकटा


१७ एप्रिल

चि. खाडाखोडास,
अ. आ.

मंजुरी आली, छत्तीस बैठकांची. फिजिओबाई परवा परतली. चिठ्ठी वाचून कानापर्यंत लाल झाली. दिवसभर माणसांच्या पाठीमागं उभी राहून खांदे फिरवते, त्यामुळं कागदावर हात उलटा पडला असावा, म्हणाली. मी म्हटलं की वाचता येत असून चष्मा न लावता सही मी केली, तेव्हा अर्धी चूक माझी. ती स्वतः कागद घेऊन शाखेत गेली आणि शिक्का घेऊनच परतली. यादीत नवा पत्ताही लावून आली. त्या यादीवरून आणखी कुणी गाद्यांच्या दुकानात जायला नको.

मालकांशी बोलले नव्हते. दारापर्यंत गेले होते. आत माझ्या टेबलावर कुणीतरी जेवणाचा डबा उघडून बसलं होतं, ते बघून इतका राग आला की बोलायचं ते विसरले.

तुझ्या त्या एका दिवसाबद्दल. मी पाऊण तास जिन्यात पडले होते तेव्हा तुलाच हाका मारत होते. कुठं तू, कुठं मी, तरी तुलाच. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर तू गाडी घेऊन आला असतास आणि मला उचलून नेलं असतंस. तेव्हा लपवायचं दोघांनीही लपवलं. आता मास्तरीणबाईंकडे एक किल्ली दिली आहे. सकाळी आठपर्यंत मी खाली दिसले नाही तर त्या वर येतात. काल मुद्दाम उशीर करून बघितलं, आठ वाजून दोन मिनिटांनी दार उघडलं. बाई शिस्तीच्या आहेत.

चपला पाठवून दे.
ताई


१२ जुलै

चि. धाकट्यास,
अ. आ.

छत्तिसावी बैठक काल झाली. फिजिओबाईनं मापाची पट्टी लावून सरळ सांगितलं की शेवटची वीतभर उंची बहुधा परत येणार नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तलावाच्या कठड्याशी थोडा वेळ बसले, मग कामावर गेले.

गणवेशाचं कापड जूनभर कापलं. पहिला आठवडा अर्धा दिवस, नंतर पूर्ण. मालकांनी सुताराकडून टेबलाचे पाय चार बोटं कापून घेतले. मला विचारलंही नाही, एका सकाळी टेबल बुटकं झालेलं दिसलं. आता एकावर एक बारा थर कापते, पूर्वी वीस कापायची. बाहीचा घेर मात्र माझ्याइतका नेटका अजून कुणाचा निघत नाही, हे मालकच गिऱ्हाइकांना सांगतात.

पुढच्या महिन्यात तुमच्याकडे आठ दिवस येते. मला लिफ्टमधून वर ने, हव्या तितक्या वेळा. आठ दिवस म्हणजे आठ, नवव्या दिवशी मास्तरीणबाई माझं दार उघडतील.

आज कामावरून येताना बसमध्ये गर्दी होती. वरची दांडी मी जानेवारीपासून धरलेली नव्हती. हात वर नेला, बोटं टेकली, मग मूठ मिटली. एका बाईनं माझे पांढरे केस बघून जागा दिली. मी मान हलवून नको म्हटलं आणि घर येईपर्यंत सहा थांबे उभीच राहिले.

दोघांना आशीर्वाद. माझी आठवण काढत राहा, मीही काढते.
ताई