पोटदुखीबद्दल उपकारस्तुती

सोलापूर,
सोमवार, ८ जुलै २०२४

चि. सुबोध यास आईचा प्रभूमध्ये आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू नुसता 'हां, हां' करतोस, म्हणून कागद घेतला. काल चर्चच्या उपासनेत पाळकसाहेबांनी उपकारस्तुतीला कोण उभं राहतंय विचारलं आणि मी पहिली उठले. एरवी माझं ठरलेलं असतं. नळाला पाच दिवसांनी का होईना पाणी आलं, टॉवेलच्या कडा शिवायचं काम सुटलं नाही, गुडघा जिना चढू देतो. बायका हसतात, आला बघा प्रभाबाईंचा नळ म्हणतात. हसू देत. काल मात्र कुणी हसलं नाही. मी सांगितलं, प्रभूनं माझ्या लेकाच्या पोटात कळ आणली, त्याला कारखान्यातल्या मशीनवरून बाजूला केलं आणि त्याची बोटं राखली. साहेबांनी त्यावरच उपदेश केला. एसटी चुकली, दूध नासलं, तरी आधी उपकार माना, त्यामागं काय राखलंय ते आपल्याला दिसत नाही, म्हणाले. आता जो तो मला तुझ्या पोटाचंच विचारतो.

तुझ्या जागी उभा राहिला त्या बिरप्पासाठीही प्रार्थना केली. दोन बोटं गेली, तीही उजव्या हाताची. त्याची आई चिमाबाई वळसंगला एकटीच असते म्हणालास ना, तर पुढच्या मंगळवारी भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन जाऊन येते. तुझी साक्ष त्यांनाही सांगते, तेवढाच धीर.

ओवा खात जा. आईची आठवण पोटाबरोबर बरी होऊ देऊ नकोस.

तुझी आई,
प्रभा


वापी,
१३ जुलै

ती. आईस सुबोधचा सलाम. वि. वि.

वळसंगला जाऊ नकोस. हे आधी लिहितो, मग बाकीचं. सातवीतनं शाळा सोडल्यापासनं एवढं कधी लिहिलं न्हाय, चुकलं तर समजून घे.

माझं पोट दुखत न्हवतं.

तुला ठाऊक हाय, मला एका जागी उभं राहवत न्हाय. पत्रा मशीनखाली सारायचा, दाबायचा, काढायचा, दिवसभर तेच. त्या दिवशी लई कंटाळा आला. बिरप्पाला म्हणलं, पोटात कळ आलीय, जरा माझ्या मशीनवर उभा रहा की. तो गडी लगेच आला. मी कँटीनमागं जाऊन मोबाईलवर कुस्त्या बघत बसलो. आरडाओरडा ऐकला तवा वाटलं, मोबाईलमधलाच हाय.

नंतर सगळ्यांनी विचारलं, तू कुटं होतास? पोटाचंच सांगितलं. तुलाबी तेच. तू त्याची साक्ष करशील असं वाटलं न्हवतं. फोनवर तीनदा सांगायला बघितलं. दरवेळी तू आधी प्रार्थनाच चालू केलीस, आणि आमेन झाल्यावर मी नुसतं 'हां, हां' करून फोन ठेवला.

बिरप्पा आता दवाखान्यातनं खोलीवर आलाय. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडतो. कुणाशी बोलत न्हाय. काल मी पाणी दिलं तर एवढंच म्हणाला, तुझं पोट कसं हाय आता?

आई, माझ्यासाठी उपकार मानू नकोस. देवाला खोटं ऐकवल्यागत होतंय. रागावलीस तरी लोभ पार तोडू नकोस, एवढं मागणं.

तुझा,
सुबोध


सोलापूर,
सोमवार, २२ जुलै

चि. सुबोध यास आशीर्वाद.

तुझं पत्र गुरुवारी आलं. मी मंगळवारीच वळसंगला जाऊन आले होते.

चिमाबाईंच्या ओसरीवर बसून मी सगळी साक्ष सांगितली, कळ कशी आली तिथपासून. त्यांना मराठी थोडी अडखळत येते, एरवी सगळं कानडीच. त्यांनी माझा हात हातात धरला आणि म्हणाल्या, तुमचं लेकरू तरी वाचलं, लई चांगलं झालं. शेळीचं दूध काढून चहा पाजला. तो चहा मी पिऊन आले, सुबोध.

काल उपकारस्तुतीला मी उठले. म्हणाले, मागं सांगितलं ते खरं नव्हतं, मला माहीत नव्हतं, आणि खाली बसले. कुणी नळाचंही विचारलं नाही. पहाटे डोळा उघडला की सवयीनं तोंडात येतं, प्रभो, तुझे उपकार. पुढं कशाबद्दल ते सुचत नाही. पाणी येतंय, काम आहे, गुडघाही चालतोय. त्याच्या देण्यात काही कमी नाही. मीच त्याच्या नावावर तुझं खोटं खपवलं.

बिरप्पाला सांग. माझ्यासाठी नाही. तो अजून तुझ्या पोटाची काळजी करतोय, ती थांबव. सांगितल्याशिवाय मला पत्र घालू नकोस. माया कमी झालेली नाही, पण आज ती लिहवत नाही.

आई


वापी,
रविवार, २८ जुलै

ती. आईस सलाम. वि. वि.

सांगितलं. सकाळी तोंड धुवायला पाणी दिलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर सांगितलं नसतं. बिरप्पा हाताच्या पट्टीकडं बघत उठून बसला. मग त्यानं तोंड सोडलं. आधी मराठीत, मग कानडीत, मग हितं येऊन शिकलेल्या हिंदीत. माझ्या कुस्त्या काढल्या, माझी सातवी काढली, माझं पोट तर लई येळा काढलं. शेजारच्या खोलीतली माणसं दारात गोळा झाली. महिना होत आला, त्याचा एवढा आवाज आम्ही कुणी ऐकला न्हवता. दम लागला की थांबायचा, पाणी प्यायचा, परत चालू. पाणी मीच देत होतो. आई, ह्याबद्दल उपकार मानावेत का न्हाय मला कळत न्हाय. पण मी मनात मानले.

माफ केलं असं तो म्हणाला न्हाय. मीबी विचारलं न्हाय. दुपारी म्हणाला, कागद घे, अव्वाला पत्र लिहायचंय, माझ्यानं पेन धरवत न्हाय. त्यानं मराठीत सांगितलं आणि मी लिहिलं. माझं नाव पाच ठिकाणी आलंय. पहिल्यांदा लिहिताना हात थांबला, तर म्हणाला, लिही की, आता का दुखतंय?

पत्र सोबत घातलंय. त्याच्या अव्वाला, चिमाबाईंना, वाचता येत न्हाय, तवा ते तूच वळसंगला नेऊन वाच. तुझ्यावर हे टाकायला मला तोंड न्हाय, तरी टाकतो. मला घराच्या पायरीवर उभं करायला जेवढा लोभ लागतो तेवढा शिल्लक ठेव.

तुझा,
सुबोध

ता. क. शिव्या त्यानं सांगितल्या तशाच लिहिल्यात, कानडीतल्या जशा ऐकू आल्या तशा. तू देवाधर्माची बाई हायेस, तरी वाचताना एकबी गाळू नकोस.