पॅरिसवाल्याची राहिलेली आखणी

बाबा, आई सकाळपासून माझ्याकडे एकच गोष्ट मागतेय आणि ती देणं माझ्या जिवावर आलंय. तुम्ही प्लायवुडवर काढलेलं तिचं चित्र आहे ना, स्वयंपाकघरात शेवग्याच्या शेंगा सोलत बसलेली, त्याचे डोळे तुम्ही रंगवलेच नाहीत. ते मी रंगवावेत असं तिचं म्हणणं. आता ती फारशी उठत नाही. डॉक्टर म्हणतात, वय झालंय, आहेत ते दिवस आनंदात जाऊ द्या. तिला सगळं कळतं. आवाज मात्र अजून तसाच खणखणीत आहे. जन्मभर आंधळी करून भिंतीवर टांगलीत मला, म्हणाली, आता जायच्या आधी तरी डोळे उघडा कोणीतरी.

तुमचा कल्याणचा कारखाना मला अजून स्वप्नात येतो. गणपतीच्या आधीचे दिवस असतात, मी डोंबिवलीहून तुमचा डबा घेऊन आलेली असते, आणि फळ्यांवर रांगेने गणपती बसलेले असतात, अंग रंगवलेले, सोंडेवर सोनेरी नक्षी, पण डोळ्यांच्या जागी नुसता पांढरा रंग. पत्र्याच्या फटीतून ऊन येतंय, त्यात मातीची धूळ तरंगतेय, आणि तुम्ही खिडकीशी पाटावर बसून श्वास रोखून बारीक ब्रश चालवताय. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, सगळ्यात शेवटी व्हायची आणि ती फक्त तुम्ही करायचात. तोपर्यंत मी त्या गणपतींच्या पुढ्यात बसून खुशाल शेंगदाणे खायचे. आखणी झाली की मात्र उगाचच फ्रॉक नीट करावासा वाटायचा.

तिथेच ते कॅलेंडर आलं. मूर्ती गुंडाळायला आणलेल्या रद्दीत निघालं, एमआयडीसीतल्या कुठल्यातरी रंगाच्या कंपनीतलं, फ्रान्सहून आलेलं. बाराही महिने एकाच चित्रकाराची चित्रं आणि बाराही चित्रांत त्याची बायको. टेबलाशी नासपती सोलतेय, खिडकीशी उभी आहे, परातीसारख्या भांड्यात पाय धुतेय. पिवळा तर असा, की हात लावला तर बोटाला लागेल. आणि चेहऱ्यावर डोळे नाहीत, नुसती सावली. तुम्ही बराच वेळ बघितलंत आणि म्हणालात, याची आखणी राहिली वाटतं. आखणीवाला गावाला गेला असेल. मला ते इतकं पटलं की पॅरिसमध्येसुद्धा डोळ्यांचा माणूस वेगळा येतो, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले होते.

एकदा मी पेन्सिलीने एका महिन्याच्या पानावरच्या बाईला डोळे काढून टाकले. कधी आवाज न चढवणारे तुम्ही, पण तेव्हा पेन्सिल हातातून काढून घेतलीत. दुसऱ्याच्या कामाला हात लावायचा नाही, म्हणालात, त्याला सवड मिळाली की तो करेल. आणि खोडरबर घेऊन बसलात, कागद फाटू नये म्हणून फुंकर मारत मारत.

पुढे तो चित्रकार माझ्या मानगुटीवरच बसला. मी ठाण्याच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागले आणि उरलेल्या वेळात त्याला शोधत राहिले. आता त्याचं चरित्र लिहितेय, मराठीत. कोण वाचणार, असं आई विचारते. जे सापडेल ते तुम्हाला येऊन सांगायचे, कोपरला राहणाऱ्या नातेवाइकाची खबर सांगावी तसं. चपला शिवणाऱ्याचा मुलगा. पॅरिसला आला तो रेल्वेच्या मालगोदामात कारकुनी करायला, चित्रं रविवारी. बाकीचे चित्रकार माणसाचे तुकडे करत होते, कोणी त्रिकोण, कोणी चौकोन, आणि हा आपला बायको, टेबल, खिडकी धरून बसलेला. जुनाट म्हणून हसले त्याला. लढाई आली तेव्हा दोघं दक्षिणेकडे लहानशा घरात राहायला गेली. केस पिकल्यावर कुठे नाव झालं, मग म्युझियमवाले दारात. गोदामाचं पेन्शन मिळालं का त्याला, एवढं तुम्ही विचारायचात.

मग तुम्ही अंथरुणाला खिळलात, ते पुन्हा उठला नाहीत. त्या दिवसांत मला नवीन कळलं होतं की बायको गेल्यावरसुद्धा तो वर्षानुवर्षं तिलाच रंगवत राहिला, आठवणीतून, आणि तरीही डोळे नाहीतच. तुम्हाला सांगितलं. तुम्ही छताकडे बघत पडून होता. मग म्हणालात, "आखणी झाली की गिऱ्हाईक येतं आणि मूर्ती घेऊन जातं. आखणी न झालेली कोण नेणार? ती कारखान्यातच राहते. हुशार आहे तुझा पॅरिसवाला."

त्याच्या डोळ्यांबद्दल जाणकारांनी खूप लिहिलंय. प्रकाशाचा खेळ आहे म्हणे, चेहऱ्यापेक्षा रंग मोठा. मी तेही सगळं मानाने पुस्तकात घातलंय. पण त्या दिवशी तुमचं बोलणं ऐकलं आणि मी उठून भिंतीवरच्या प्लायवुडसमोर जाऊन उभी राहिले. आईला मी काही बोलले नाही. तिचा समज ठाम होता, की तुम्हाला कंटाळा आला. देवाला डोळे, गिऱ्हाइकाला डोळे आणि बायकोला ठेंगा, असं ती आल्यागेल्याला सांगायची. तुम्ही हसायचात. खुलासा कधी केला नाहीत.

आज सकाळी मी टाळाटाळ केली. दुसऱ्याच्या कामाला हात लावू नये, बाबांनी शिकवलंय, म्हटलं. तर म्हणे, त्यांचं काम कसलं, तोंड माझं आहे ते. मग माझा नाइलाज झाला. गिऱ्हाईक, कारखाना, पॅरिसवाला, सगळं सांगून टाकलं. आणि मला भीती वाटते तेही सांगितलं. एवढी शिकलेली बाई मी, शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर पोस्टर काढायला लावते, पण तुझे डोळे उघडायला माझा हात धजत नाही, म्हटलं.

तिने पदराने नाक पुसलं. इतकी वर्षं मला सांगता नाही आलं त्यांना, एवढंच पुटपुटली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "अगं, गिऱ्हाईक दारात आलंय आता. अशीच पाठवणार का मला?"

मी चित्र खाली उतरवलं, तिच्या उशाशी टेकवलं. तिला सारखं वळून बघत होते, नेमकी बुबुळं कशी आहेत ते कळायला. इतक्या वर्षांत मी आईच्या डोळ्यांत एवढा वेळ कधी बघितलंच नव्हतं. कडेने करडी झालीत, आत मात्र मधासारखा रंग आहे. श्वास रोखला आणि डावा डोळा काढला. बरा उतरला, बाबा. तिने मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाली, एकच का, डोळा मारतेय वाटतं मी. आणि अशी हसली की ठसका लागला. मी पाणी पाजलं, पाठ चोळली, आणि ब्रश धुवून ठेवला. रंग वाळायला हवा, दुसरा उद्या करते, असं सांगितलं.

आता दुपार झालीय, ती पडलीय आणि मी शेजारी बसून तुम्हाला लिहितेय. हे पत्र काही टपालात टाकायचं नाही, तर खरं तेवढं सांगते. हे हल्लीचे रंग चहाला उकळी येईपर्यंत वाळतात. डबे, ब्रश, टर्पेंटाईन यांत तिचा अख्खा संसार गेला, तिला हे माहीत नसेल? तरी मी उद्या म्हटलं तेव्हा माझ्याकडे बघून ती म्हणाली, "बरं. उद्या नाही जमलं तर परवा कर."