एकोणसाठ सेकंदांचा मैल

प्रिय कातरीनाताई हिस धाकट्या आगनेथाचा प्रभूत सलाम.

तुझ्या मेनोबरोबर पाठवलेलं सगळं पोचलं. काकडीच्या लोणच्याच्या सहा बरण्या (एक तडकली, पण काकड्या दुसरीत भरल्या, वाया काही गेलं नाही), लोकरी मोज्यांचे दोन जोड आणि रुबार्बची मुळं. खर्च शून्य, देव तुझं भलं करो. त्याच आठवड्यात घरात आलेली आणखी एक वस्तू म्हणजे पोलिसांचा पिवळा कागद, दोनशे सदतीस डॉलर. तो कोणाच्या नावे आलाय हे वाचायच्या आधी खाली बस.

तुझी कंबर कशी आहे? बादल्या मेनोला उचलू दे. आम्ही देवाच्या दयेने बरे, म्हणजे मी बरी. ह्यांचं बरं नाही, आणि तेच लिहायला बसले आहे. तिसऱ्यांदा बसले आहे. एकदा भट्टीतले पाव बघायला उठले, एकदा हे येतायत असं वाटून कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला.

मंगळवारी आम्ही ट्रक घेऊन हायवेने शहरात निघालो होतो. पाटीवर शंभर, सुई शंभरावर, आणि ह्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, प्रार्थनेला बसल्यासारखे. (ह्यांचं चालवणं तुला माहीत आहे. तुमच्या लग्नाला आम्ही पोचलो तेव्हा तुमचा केक कापून झाला होता.) मागे निळा दिवा लागला तेव्हा ह्यांनी बाजूला घेऊन त्याला वाट दिली, तर गाडी आमच्याच मागे थांबली. पोलीस बाई तरुण आणि सभ्य होती. म्हणाली, एकशे अकरा. तर हे मागे वळून बघायला लागले, ती कोणाबद्दल बोलतेय म्हणून.

परत येताना ह्यांनी ऐंशी सोडलं नाही. मागे एकवीस गाड्या झाल्या, मी मोजल्या. घरी आल्यावर किल्ल्या खिळ्याला अडकवल्या आणि टोपी न काढताच उभे राहिले. म्हणाले, "आगनेथा, माझी नजर सुईवर होती. शंभरावर. मी बघितलं एक आणि झालं दुसरंच. बाबांचंही असंच सुरू झालं होतं."

सासऱ्यांचं तुला आठवत असेल. गाई विकून सहा वर्षं झाली तरी पहाटे बादली घेऊन गोठ्यात जायचे. तेव्हापासून ताई, हे गाडीला हात लावत नाहीत. येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर बंधुजनांची सभा आहे. तिथे उभं राहून अपराध कबूल करायचा, मंडळीच्या व्हॅनच्या किल्ल्या ठेवायच्या आणि सोमवारी लायसनही परत करायचं, असं ठरवून बसलेत. दंडाचं दुःख एकदाच होतं. पण चुलीवर दूध ठेवलं की हे दर मिनिटाला येऊन विचारतात, मी ठेवलं का तू ठेवलंस. ते मला ऐकवत नाही.

त्यात भर म्हणजे डेल्बर्ट हीबर्ट. (दोन मुलांचा बाप, पण ह्यांच्या लेखी अजून पोरगाच.) गेल्या शरदात त्याला असाच कागद आला, तेव्हा तो भर सभेत म्हणत होता की काटा शंभरच दाखवत होता. हेच उठून म्हणाले होते, "बाबा रे, माणूस खोटं बोलतो, सुई बोलत नाही." व्हॅन चालवण्याची पाळी त्याच्याकडून काढून ह्यांच्याकडे आली ती तेव्हाच.

मला मात्र रात्रंदिवस एकच गोष्ट टोचत होती. हिवाळ्यापासून आम्हाला हायवेवर कोणी मागे टाकत नाही. हे म्हणायचे, लोकांना शिस्त लागली. शहर बेचाळीस किलोमीटर होतं ते मीटरवर अडतीस भरायला लागलं. हे म्हणायचे, सरकारने वळण सरळ केलं असेल. ट्रकमध्ये चढताना मला पाय जास्त उचलावा लागायचा, तर मी दोन महिने गुडघ्याला मलम चोळलं. (दोन डब्या संपल्या.)

शेवटी गुरुवारी हे देवळाच्या छपरावर खिळे मारायला गेले तेव्हा मी डेल्बर्टलाच बोलावलं. दुसऱ्या कोणाला सांगायची सोय नव्हती आणि त्याच्याइतकं ह्या विषयात कोणी पोळलेलं नव्हतं. तो चालवायला, मी शेजारी ह्यांचं घड्याळ घेऊन. आपल्याकडे रस्त्यांचे चौकोन मैला-मैलाचे, तेव्हा एका फाट्यापासून दुसऱ्या फाट्यापर्यंत, मधल्या रस्त्याची रुंदी धरून, शंभराच्या वेगाने एकोणसाठ सेकंद लागायला हवेत. (गणित मॅट्रिकचंच आहे, तीनदा करून पाहिलं.) सुई शंभरावर धरली. लागले त्रेपन्न. उलट्या दिशेने, वारा समोरून, तरी त्रेपन्न.

डेल्बर्टने ट्रक कडेला घेतला, उतरून टायर बघितले आणि बराच वेळ तिथेच वाकून राहिला. मग म्हणाला, "काकू, सुई खोटं बोलतेय. टायर मोठे आहेत, एका फेरीत जास्त जमीन कापतात, आणि काट्याला ते कळत नाही." वर म्हणाला, "मी नाही सांगणार काकांना. तुम्हीच सांगा."

आता पाव काढते. सगळ्यांना आशीर्वाद.

तुझी,
आगनेथा

ता. क. खरं काम हे. आमचे जुने टायर मेनो घेऊन गेला होता, त्यांत तू पेटुनिया लावल्यास. त्यातला एक, फुलं अलगद काढून, येत्या गुरुवारी मेनो डुकरं घेऊन येईल तेव्हा पाठव. हे बोलण्यावर विश्वास ठेवणार नाहीत, पण दोन टायर शेजारी उभे करून टेप लावली तर ठेवतील. आणि टायर तूच सहज पाठवलास असं म्हण. कारण हिवाळ्यात लिलावात हे कॉफीच्या रांगेत असताना ह्या मोठ्या टायरांसाठी हात वर केला होता मी. एकाच्या किमतीत चार मिळत होते. विकणारा म्हणाला होता, थोडे उंच आहेत, पण बसतात. मी ह्यांना एवढंच सांगितलं, बसतात.

ता. क. दुसरा. वरचं रद्द. पाकीट चिकटवायला घेतलं तर हे आत आले, भट्टीसमोर थांबले आणि विचारलं, पाव मी ठेवले का तू? मग माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं सांगितलं. कॉफीच्या रांगेसकट. हे टेप घेऊन बाहेर गेले, परत आले, टोपी काढली आणि सहा पाव खाल्ले. मग म्हणाले, "डेल्बर्टच्या गाडीला तेव्हा कुठले टायर होते, कोणी विचारलंच नाही. मी तर नाहीच." सभेत हे उभे राहणारच आहेत, पण डेल्बर्टची माफी मागायला, आणि पुरावा म्हणून जुना टायर आत नेणार आहेत. म्हणून टायर हवाच. धुऊन पाठव, देवळात न्यायचाय.

पुरावा द्यायचा म्हणजे मोठे टायर कुठून आले हेही सांगणार. सगळं, पहिल्यापासून. तेव्हा त्या रविवारी मी तुझ्याकडे आले तर चालेल का, हे उलट टपाली कळव. बसने येईन.