नाक्यापुरती कॉफी

शनि. १ जून ९१
आज बैठक. बाहेरच्या खोलीत हे, वन्संचे यजमान सुधाकरराव आणि त्यांच्या कारखान्यातले दोघे. वापी गुजरातेत, तिथे दारूबंदी, म्हणून दर शनिवारी स्वाऱ्या हद्दीपलीकडे आमच्या सिल्वासात. इथे हॉटेलं काय कमी आहेत? पण नाही. "घरची मजा वेगळी, वहिनी." वेगळी असणारच. हॉटेलवाला कांदाभजी फुकट तळत नाही.

निघताना काळी कॉफी, बिनसाखरेची, वर लिंबू. तोंडात लवंग. मग स्कूटरला किक, हद्दीवरच्या पोलीस नाक्याकडे. सु.राव म्हणतात, "वहिनी, तुमच्या कॉफीवरच आम्ही नाका पार करतो." सगळे हसले. मीपण हसले. कशाला हसले कोण जाणे.

मंगळ. ४ जून
छातीत पुन्हा धडधड. डोळ्याला डोळा नाही. हे खडोलीहून, कारखान्यातून लवकर आले आणि मला डॉ.कडे घेऊन गेले. (कौतुक करायला हवं. केलं.) डॉ. गुजराती, इथलेच आमलीतले, माणूस बरा. प्रेशर जास्त निघालं. "दिवसमां केटली वार कॉफी पीओ छो, बेन?" मी सांगितलं, सकाळी, दुपारी, कधी संध्याकाळी. पुढे काही विचारलंच नाही. "बस. कॉफी बंध. ऊंघ आवी जशे." म्हणजे झोप येईल.

ह्यांचा चेहरा असा खुलला! रस्ताभर तेच. "मी म्हणत नव्हतो? व्यसनच ते." व्यसन. ह्यांनी म्हणावं! चोर सोडून संन्याशाला फाशी.

झोप का लागत नाही ते डॉ.नी विचारलं असतं, तर ह्यांच्यासमोर बोलले असते का? नसतेच बोलले. शनिवारी चौघांत पितात, बाकीचे दिवस एकटे. मग आडवं पडून सिगरेट. पेटती ठेवून घोरायला लागतात. होळीच्या सुमाराला गादी जळली होती. भोकावर मी ठिगळ लावलंय, त्यावर चादर. तेव्हापासून त्यांच्या बोटांतून सिगरेट काढून विझवल्याशिवाय मी डोळे मिटत नाही. आणि एकदा ती वेळ टळली की झोप येतच नाही. ह्यात कॉफी कुठे आली?

शुक्र. ७ जून
तरी विचार करतेय. प्रेशर तर खरंच आहे. मनू सातवीत. मला काही झालं तर तिचं...

माहेरी नाशिकला चहा नव्हताच. दुपारी अण्णा स्वतः कॉफी करायचे, वर जायफळ किसायचे, पहिला कप आईला. सासरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "कॉफी पाहुण्यांना, नाहीतर उपासाला." इथे आलो आणि पहिल्याच आठवड्यात मी माझा डबा आणला. मनू शाळेत, हे कारखान्यात, तेव्हा कप घेऊन मागच्या पायरीवर बसते. तेवढ्या वेळात कुणी मला पाणी मागत नाही, मोजे मागत नाही, भजी मागत नाही. सोडायचं म्हणजे हे सोडायचं. डॉ.ना काय जातंय बंध म्हणायला.

रवि. १६ जून
जेवताना ह्यांनी पुन्हा विषय काढला. कालची उतरायची होती अजून. मी म्हटलं, "तुम्ही आधी तुमचं बघा." झालं, ताट सरकवलं. नंतर मनू भांडी विसळायला आली. हळूच म्हणाली, "आई, तूच सोड ना. तू ऐकतेस."

दिवसभर तेच डोक्यात.

रवि. २१ जुलै
उद्या आषाढी. सकाळी हे शुद्धीत होते, शांतही होते. म्हटलं, चातुर्मास लागतोय. मी कॉफी सोडते. देवापुढे नेम. पण तुम्हीही सोडायची. कार्तिकीपर्यंत. दोघं मिळून.

वाटलं चिडतील. चिडले नाहीत. पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाले, "बरं. सोडतो." डोळ्यांत बघून म्हणाले. लग्नानंतर इतकं सरळ कधी बोलले होते, आठवत नाही. मला रडूच आलं. स्वयंपाकघरात जाऊन दोडक्याच्या शिरा काढत रडले.

सोम. २२ जुलै
डबा घरात ठेवायला नको, मोह होतो. शेजारच्या लताबाईंना देऊन टाकला. त्या धुळ्याकडच्या, नवरा धाग्याच्या कारखान्यात, टेक्स्चरायझिंगच्या मशीनवर. कारण सांगितलं. "माय वं! साहेबांनी हो म्हटलं?" आणि माझ्याकडे असं बघितलं, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. दुपारी गवती चहा करून पायरीवर बसले. डोकं ठणकतंय.

शनि. २७ जुलै
बैठक आहे. हो, आहे. मी दारात उभी राहून ह्यांच्याकडे बघत राहिले, तर म्हणाले, "अगं, श्रावणापासून. सगळे श्रावणच पाळतात. त्याआधी कोण सोडतं?" सु.राव म्हणाले, "गटारी तरी होऊ दे, वहिनी!"

मी भजी तळली नाहीत. चिवड्याचा डबा नेऊन आपटला. कॉफी मागायच्या आत वन्संचा फोन आला, मनूएवढ्याच त्यांच्या पोरीला ताप, म्हणून सगळे घाईत गेले.

माझं डोकं दुखायचं थांबलंय. चांगलंय की. नेम मी मोडणार नाही. मी मोडला तर ह्यांना आयतं कोलीत.

रवि. ११ ऑग.
काल गटारी. खूप झाली. सु.राव भिंतीला धरून उठले आणि म्हणाले, "वहिनी, आमचा नाक्याचा प्रसाद?" मी सांगितलं, कॉफी नाही. घरात डबाच नाही. आधी हसले, थट्टा वाटली. मग मी चहा केला. म्हटलं, इथेच झोपा, गाद्या घालते. "छे छे, रोजचा रस्ता आहे." गेले.

सकाळी वन्संचा फोन. सु.रावांना नाक्यावर धरलं. तोंडाचा वास, पाय लटपटत. रात्रभर चौकीत बसवून ठेवलं, आता केस. वन्सं रडत होत्या आणि रडता रडता मलाच, "वहिनी, एक कप कॉफी जड झाली तुम्हाला?"

मग ह्यांनी फोन घेतला. ठेवून माझ्याकडे वळले. "काय मिळवलंस?" मी! मी काय मिळवलं! ढोसली मी? स्कूटरवर मी बसवलं? पोलिसाला काय कॉफीमागची दारू कळत नसेल? इतके दिवस नशिबाने सुटले, आणि श्रेय कॉफीला. आता सापडले, तर दोष कॉफीचा. म्हणजे माझाच. कॉफी प्यायले तरी मी वाईट, नाही प्यायले तरी मीच.

सु.रावांचं मला वाईट वाटलं नाही. खरंच नाही वाटलं. वन्संसाठी थोडं वाटलं.

गुरु. २२ ऑग.
श्रावण पाळतायत. मला वाटलं नव्हतं. पहिले काही दिवस हात थरथरायचे, वरणात मीठ कमी म्हणून वाटी फेकली. मग निवळले. संध्याकाळी मनूला घेऊन दमणगंगेच्या पुलापर्यंत जातात. काल तिघंही गेलो. सिगरेट ओढतात, पण बाहेर, पायरीवर, आणि विझवून आत येतात.

आणि मी झोपते! मेल्यासारखी झोपते. काल मनूने हलवून उठवलं, "आई, शाळा!" धडधड नाही. मला तर कॉफीची आठवणसुद्धा... आठवण येते. पण चालतंय. असंच राहिलं, तर जन्मभर गवती चहा पिईन.

शुक्र. ६ सप्टें.
डॉ.कडे. प्रेशर उतरलंय. "जोयुं, बेन? कॉफी छोडी ने!" हे तर असे खूष, जणू ह्यांनीच औषध शोधलं. घरी आल्यावर नाशिकला माझ्या भावाला फोन. "हिने कॉफी सोडली, प्रेशर नॉर्मल. माझं ऐकत नव्हती आधी." मी मागून म्हटलं, "तुम्हीही सोडलीत ना, म्हणून." फोनवर हात ठेवून म्हणाले, "माझा काय संबंध?"

खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही? ठिगळावरच तर झोपतात.

शनि. १४ सप्टें.
दीड दिवसाचा गणपती काल पाण्यात गेला. आज बैठक.

मी ह्यांना आत बोलावलं. म्हटलं, कार्तिकीपर्यंत ठरलं होतं. तुम्ही शब्द दिलात. तर म्हणतात, "मी श्रावण म्हणालो होतो. चातुर्मास तुझा." आणि बाहेर कोणी ऐकत नाही ना ते बघितलं.

बोलले असते पुष्कळ. मनू समोर अभ्यासाला बसली होती. तिने पुस्तकातून मानच वर केली नाही.

येताना ह्यांनी कॉफीचा मोठा डबा आणलाय. सु.राव पुन्हा अडकायला नकोत म्हणून. आणि तो डबा ठेवलाय कुठे, तर लोखंडी कपाटात, बाटल्यांशेजारी. कुलूप. किल्ली ह्यांच्या खिशात. "तुला मोह नको म्हणून." शनिवारी मला वाटीत काढून देणार. मी करायची, ट्रे न्यायचा, वास घ्यायचा आणि परत यायचं.

केली. नेली. आले.

बुध. ९ ऑक्टो.
पुन्हा जागरण. पुन्हा धडधड. परवा सिगरेट माझ्या हातात येईतो उशीच्या कडेला लागली होती. करपट वास आला म्हणून बरं. सकाळी उशी दाखवली. "उंदराने कुरतडली असेल." काळं कुरतडणारा उंदीर!

आज दुपारी हे काही कागद घ्यायला घरी आले. मी मागे कपडे वाळत घालत होते. खिडकीतून दिसलं. मोरीतला माझा कप उचलला, नाकाशी नेला, हुंगला, परत ठेवला. गवती चहाचा होता.

इतक्या वर्षांत मी ह्यांचा ग्लास कधी हुंगला नाही. कपाट उघडलं नाही, बाटल्यांवर खुणा केल्या नाहीत. लाज वाटायची, नवऱ्याची झडती कशी घ्यायची म्हणून. आणि माझी झडती कपावरून.

शनि. १२ ऑक्टो.
डॉ.कडे. प्रेशर पुन्हा वर. डॉ. चष्म्यावरून बघत, हसत, "छानामाना कॉफी पीओ छो के, बेन?" म्हणजे चोरून. मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मलापण तीच शंका आहे, डॉक्टर."

घरी येऊन कणीक मळली आणि इतकी मळली, की पोळ्या चिवट झाल्या. संध्याकाळी त्याच पोळ्या पाहुण्यांना.

रवि. १७ नोव्हें.
कार्तिकी. नेम पुरा झाला. एक थेंब नाही. चवीपुरतासुद्धा नाही. देवापुढे दिवा लावला, मनूने शेजारी बसून हात जोडले. काय मागितलं विचारलं नाही.

उद्यापन म्हणून सोडलेली वस्तू सवाष्णीला द्यायची. लताबाईंनाच बोलावलं. तर त्या पदराखालून माझा जुना डबाच घेऊन आल्या. "तसाच शे, ताई. आमच्याकडं कोन पितं कॉफी? मला ठावं होतं तुम्हाला लागंल. आपन दोघी पिऊ माझ्या वट्यावर, कोन बघतंय?" माझे डोळे भरले. पण म्हटलं, थांबा थोडं. डबा तुमच्याकडेच राहू द्या.

हे जेवताना म्हणाले, "आता सोडलीच आहेस, तर कायमची सोड. जमतं तुला." हो. मला जमतं.

गुरु. २१ नोव्हें.
दोन दिवस हाच विचार. मनात येतं, प्यावी. सरळ ह्यांच्यासमोर करावी, जायफळ घालून. कुणासाठी सोडायची? पण मी एक कप प्यायले, की सगळे सुटतील. डॉ., हे, वन्सं. धडधड कॉफीमुळे, जागरण कॉफीमुळे, उद्या गादी पेटली तर तीसुद्धा कॉफीमुळेच पेटेल. मी पीत नाही, तोवर तरी खरं काय ते माझ्या बाजूने आहे.

म्हणजे तब्येतीसाठी सोडायची होती, आणि आता साक्षीसाठी सोडून बसलेय. आणि ही साक्ष ऐकणार कोण? सोमवारी डॉ.कडे जायचंय. ह्या वेळी एकटी जाणार आहे. उशीचा जळका अभ्रा पिशवीत घालून ठेवलाय.

शनि. २३ नोव्हें.
बैठक चालू आहे. स्वयंपाकघरातून लिहितेय. सु.राव आहेत, केस अजून चालूच, तरी आहेत. आज हे उठायच्या पलीकडे गेले होते, म्हणून कॉफीसाठी खिशातली किल्ली काढून माझ्याच हातात दिली. पहिल्यांदाच.

कपाट उघडलं. ह्यांच्या बाटल्या आणि कॉफीचा डबा एकाच फळीवर. डबा घेतला, झाकण काढलं, उभी राहिले. अण्णांच्या स्वयंपाकघरात गेल्यासारखं झालं. वाटीत काढली. मग कपाट लावलं, कुलूप घातलं.

पाणी उकळतंय. कप मांडलेत. एक जास्तीचा काढलाय, माझा. त्यात अजून काही घातलेलं नाही.

बाहेरची बाटली संपलेली दिसते. दोनदा हाक आली. "अगं, किल्ली कुठंय?" मनू दारात येऊन माझ्याकडे बघतेय.

किल्ली माझ्या मुठीत आहे. पुन्हा हाक मारतायत. मारू देत.