चौथी लवंग

प्रिय घाईबाई,

उकळत्या रसाचा पेला तोंडाला लावून दर हिवाळ्यात जीभ भाजून घेणारी सून दुसऱ्या कुणाला मिळाली नसेल, म्हणून तर हे नाव पडलं. यंदा कुणाचीच जीभ भाजली नाही. काल सुट्ट्या लागल्या, जिन्यात शेजारच्या पोरांचा धिंगाणा सुरू झाला आणि मी सवयीनं मोठं पातेलं काढलं. दोघांना एवढं कशाला, असं तुझे सासरे म्हणालेच. लहान पातेल्यात संत्रं मोकळं तरंगत नाही, हे त्यांना चाळीस वर्षांत कळलेलं नाही. तू नोकरीसाठी परगावी गेल्यापासून त्यांच्याशी भांडायलाही मजा येत नाही गं. फोनवर तू सगळं सांगतेस, नवीन खोली, चष्म्याच्या काचा घासायचं नवीन यंत्र, सगळं. फक्त तुमच्या दुकानात डोळे तपासणाऱ्या त्या चष्मेवाल्यांना तू लग्नाला नाही का म्हणालीस, तेवढं सांगत नाहीस. मीही विचारत नाही, कारण मला ते माहीत आहे.

तर पातेल्याचं सांगत होते. सफरचंदाचा रस ओतला, सुक्या जर्दाळूचे तुकडे टाकले, आलं ठेचलं, दालचिनीचा जाडसा तुकडा मोडला. मग संत्रं घेतलं. घरातली रीत तुला ठाऊकच आहे. माणसं जितकी, तितक्या लवंगा संत्र्याच्या सालीत टोचायच्या, बाहेरगावच्या माणसाचीही टोचायची आणि एकदा टोचलेली काढायची नाही. माझ्या सासूबाईंनी घातलेला नियम. आपला लेक स्वतःची लवंग देठाला अगदी खेटून टोचायचा, खिडकीजवळची जागा पकडावी तशी. माझ्याआधी कुणी तिथं बसायचं नाही, म्हणायचा. घोडा झाला तरी तेच.

लिफ्टच्या दुरुस्तीच्या कामावर गेला तो जिवंत परत आलाच नाही, त्या वर्षी मी तीनच लवंगा टोचल्या. चौथी बोटांत धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. शेवटी ती डब्यात टाकली आणि गच्चीवरचे कपडे आणायला गेले. परत आले तर संत्र्यात चार लवंगा. चौथी देठाला खेटून. माझ्या हातातले कपडे खाली पडले. आतून तुझ्या इस्त्रीचा आवाज येत होता, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. पेला प्यायले, आणि त्या दिवशी मला वर्षात पहिल्यांदा नीट झोप लागली.

दुसऱ्या वर्षी तेच, तिसऱ्या वर्षीही तेच. मी तीन टोचायची, मुद्दाम गच्चीवर जायची, कपडे वाळले नसले तरी. खाली आले की आधी लवंगा मोजायची आणि चार दिसल्या की जीव भांड्यात पडायचा. गेल्या वर्षी न राहवून तुला सांगितलं, तो येतो गं घरी. तू शेगडीकडे तोंड फिरवलंस. मला वाटलं, रडतेयस. आणि गेल्या महिन्यात तू फोनवर चाचरत चष्मेवाल्यांचं सांगितलंस, तेव्हा मी काय म्हणाले आठवतं? म्हणाले, तुझं तू बघ, पण तो अजून येतो हे लक्षात ठेव. माझ्या पोटच्या पोराची भीती मी तुला घातली. दोन दिवसांत तू त्यांना नाही म्हणालीस.

काल तीन लवंगा टोचल्या आणि गच्चीवर गेले. दोरीवर एकही कपडा नव्हता. नुसती गार वाऱ्यात उभी राहिले, त्याला भरपूर वेळ मिळावा म्हणून. खाली आले, संत्र्यात तीन. पुन्हा वर गेले, पुन्हा आले. तीनच. तिसऱ्यांदा निघाले तेव्हा यांनी हात धरून मला खुर्चीत बसवलं. म्हणाले, "अगं, चौथी सूनबाईच टोचायची. मी पहिल्याच वर्षी पाहिलं होतं." मग आजवर बोलला का नाहीत म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. ते म्हणाले, "कुणाला बोलणार? तू त्या लवंगेवर जगत होतीस आणि ती तुझ्यावर." त्यानंतर मी रडले. चार वर्षांचं एकदम. पातेल्यातलं सगळं तळाला लागलं, घरभर करपलेल्या दालचिनीचा वास भरला, तो अजून पडद्यांतून जात नाही.

पण बाई, खरं सांगायचं तर मला कळलेलं नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी तू माझ्या खांद्यावरची शाल सारखी केलीस, तेव्हा तुझ्या बोटांना लवंगेचा वास येत होता. मी त्याकडे कानाडोळा केला. तो येतो असं म्हटलं की तू त्याची राहणार होतीस, आणि तू त्याची राहिलीस की तो थोडासा तरी राहणार होता. इतका हिशेबीपणा माझ्यात आहे हे मलाच माहीत नव्हतं. तू माझ्यासाठी त्याला आणत राहिलीस आणि मी त्यालाच तुझ्या दारात उभं केलं.

जिन्यात त्याचे बूट मला अजून ऐकू येतात. येऊ देत, मी आई आहे, ते मी ऐकेन. तू ऐकायचं नाहीस. आज सकाळी नवीन संत्रं आणलं, पातेलं घासून पुन्हा चढवलं. तीन लवंगा टोचल्या आणि गच्चीवर गेले नाही. चौथीही मीच टोचली, देठापासून लांब, तुझ्या लवंगेच्या शेजारी. ती आपल्या लेकाची नाही, चष्मेवाल्यांची आहे. टोचलेली काढायची नसते, तेव्हा आता तूच त्यांना फोन कर. आणि या वेळी तरी घाई कर.

तुझीच, सासू कमी आणि
आई जास्त