टाळी पडेल तिथे इंग्रजी तुटतं

४ ऑक्टोबर १९९९
आज पुन्हा तेच! टाइपरायटरची घंटी वाजली, ओळ संपत आली, शब्द अर्धा राहिला. आता तो तोडायचा कुठे? महिपत सरांचं उत्तर ठरलेलं — टाळी वाजवून बघा. सर मांडवीच्या भजनी मंडळात मृदंग वाजवतात आणि टायपिंगचा क्लासही तसाच चालवतात. अख्खा वर्ग टाळ्या पिटतो. टाळी पडेल तिथे हायफन मारायचा, उरलेला शब्द खालच्या ओळीत. रस्त्यावरून जाणाऱ्यांना वाटतं, आत आरती चाललीय.

आज शब्द होता स्कूल. सर म्हणाले, "इस्-कूल. दोन टाळ्या. एस वर ठेव, बाकीचा खाली." कुणाला काही वावगं वाटलं नाही.

९ ऑक्टोबर
वाचनालयात जाडजूड डिक्शनरी बघितली. शब्दाशब्दात बारीक ठिपके. ठिपका असेल तिथेच तोडायचं! स्कूलमध्ये ठिपकाच नाही, म्हणजे तो तोडायचाच नाही, सबंध खाली न्यायचा. इतका आनंद झाला की आईने सांगितलेली कोथिंबीर आणायची राहिली. बोलणी खाल्ली.

११ ऑक्टोबर
सरांना सांगितलं. चष्म्यावरून बघत राहिले. "डिक्शनरी लंडनला छापतात गो राही. पेपर तपासणारे इथलेच." वर्ग हसला. माझ्या शेजारची दमयंती सगळ्यांत जास्त.

२ नोव्हेंबर
पतपेढीत क्लार्कची जागा आहे. चेअरमन बाबांच्या ओळखीचे. "सर्टिफिकेट आणा, लगेच बसवतो." नापास झाले तर मुंबईला मामाकडे — स्थळं बघायला. आईने साड्यासुद्धा काढून ठेवल्यात. मला नाही जायचं. मला ती नोकरी हवी आहे, बस्स.

२८ नोव्हेंबर
परीक्षा झाली. स्पीड मस्त लागला. शब्द डिक्शनरीप्रमाणे तोडले, एकही चुकला नाही. दमयंती टेबलाखाली पायाने ठेका धरून टाइप करत होती. बिचारी.

२२ जानेवारी २०००
बिचारी पास झाली. मी नापास!

सरांनी चौकशी करून सांगितलं — शब्द चुकीच्या जागी तोडले म्हणून मार्क गेले. तपासणारा कोण? सरांचाच जुना विद्यार्थी. "चांगला मुलगा. तालाला पक्का," सर कौतुकाने म्हणाले. मी घरी येऊन रडले. दुःखाने नाही, संतापाने.

आईने मामाला फोन केला.

३१ जानेवारी
सर घरी आले, डोळ्याला हिरवी पट्टी लावून. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय आणि दुसऱ्या जिल्ह्यात उशिरा झालेल्या परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला आलाय. दिसत तर काही नाही. बाबांना म्हणाले, "राहीला पाठवा माझ्याकडे. पेपर तपासायला मदत होईल. पुढच्या परीक्षेला मी आहेच, तिचं नुकसान व्हायचं नाय." पतपेढीची जागा तोवर रिकामी ठेवायला चेअरमन तयार आहेत. मुंबईचं जाणं लांबणीवर पडलं. आईने सरांना चहाबरोबर आंबावडी दिली.

२ फेब्रुवारी
गठ्ठ्यातला पहिलाच पेपर. कुणाचा ते कळत नाही, वर नुसता नंबर. सगळे शब्द जिथे तोडायला हवेत तिथेच तोडलेत. मी दोनदा वाचला. कुणीतरी माझ्यासारखंच वाचनालयात जाऊन बसलं असणार.

"काय गो, कसा आहे?" सरांनी विचारलं.

"बऱ्याच चुका आहेत, सर," मी म्हटलं आणि मार्क कापले.